त्रेचाळीस दात

बाबा गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. गार्डन रीचला नदीच्या काठी एका सरकारी खात्याचं ट्रक दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तिथे ते फोरमन होते. आम्ही मराठी, पण आजोबांपासून कलकत्त्याचेच. बालीगंजच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि आई अशा दोघीच उरलो, तेव्हा खात्याने मला त्याच वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून घेतलं. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्या टेबलावर एक तेलकट, जड लोखंडी गोळा आणून ठेवला आणि पावती मागितली. ते काय आहे हे विचारायचीही मला लाज वाटली. मी पावतीवर 'एक नग' एवढंच लिहिलं.

तो डिफरन्शियल होता. मला तो समजावून सांगितला मोठ्या मिस्त्रींनी. हे बाबांच्या हाताखाली अठरा वर्षं काम केलेले. मूळचे पूर्व बंगालातल्या बारिसालचे, फाळणीनंतर इकडे आले होते. बंगाली रिवाजाप्रमाणे मला 'मा' म्हणत आणि मी त्यांना काकाबाबू म्हणत असे. त्यांचं बंगाली इतकं तिकडचं होतं की वर्कशॉपमधले कलकत्त्याचे लोकही कधी कधी हसत. मला मात्र ते कळायचं, कारण लहानपणापासून बाबांच्या सायकलवरून इथे येऊन मी तेच ऐकलं होतं.

त्यांनी तो गोळा उघडून दाखवला. ट्रक वळतो तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक तरी फरफटत जाणार. म्हणून दांडा मध्ये तोडलेला असतो आणि त्या जागी हा बसतो. इंजिनाकडून आलेला जोर तो दोन्हीकडे वाटतो, आणि ज्या चाकाला जास्त फिरायचं आहे त्याला फिरू देतो. आत एक मोठं दातेरी चक्र, त्याला क्राउन म्हणायचं. त्याला फिरवणारं लहान चक्र म्हणजे पिनियन.

साध्या ट्रकला तो एकच असतो, मागे. पण आमच्याकडे चार मोठे ट्रक असे होते की त्यांच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. लष्कराने काढून टाकलेले, परदेशी बनावटीचे, भक्कम ट्रक होते ते. पावसाळ्यात जिथे बाकीच्या गाड्या रुतून बसायच्या तिथे हे चिखल कापत जायचे. त्यांना डिफरन्शियल दोन, पुढे एक आणि मागे एक. चांगल्या रस्त्यावर ड्रायव्हर फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवायचा. चिखल लागला की एक लिव्हर ओढायचा, मग पुढची चाकंही ओढू लागायची.

"पुढचा आणि मागचा, दोघांच्या दातांचा हिशोब एकच पाहिजे, मा," काकाबाबू म्हणाले. "नाहीतर पुढची चाकं एका वेगाने धावणार, मागची दुसऱ्या. एकाच गाडीत दोघं भांडत बसणार."

आमच्या चारही ट्रकांना क्राउनचे दात त्रेचाळीस आणि पिनियनचे सात. मी ते बोटाने मोजले. एका दाताला खडूची खूण करायची आणि तिथून सुरुवात करायची. गोळा उघडायचा नसला तरी ओळखता येतं, हेही त्यांनी शिकवलं. पिनियनचा दांडा हाताने फिरवत राहायचं आणि क्राउनचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत त्याचे फेरे मोजायचे. आमच्या ट्रकचे सहा पूर्ण भरून वर थोडंसं. वर्षभरात मी स्टोअरमधला प्रत्येक डिफरन्शियल असा मोजून त्याला पत्र्याची चिठ्ठी बांधली. त्या वर्कशॉपात मी एकटीच बाई. बायकांसाठी मोरीसुद्धा नव्हती, शेजारच्या दवाखान्यात जावं लागायचं. पण स्टोअरची किल्ली कमरेला लावून मी रॅकमधून फिरायला लागले आणि हळूहळू लोक मला विचारून वस्तू न्यायला लागले. ती माझी आयुष्यातली पहिली ऐट.

एकाहत्तर साल उजाडलं आणि सीमेपलीकडून माणसं यायला लागली. आधी शेकड्यांनी, मग मोजायचं कुणी मनातही आणेना. सियालदहच्या फलाटांवर चालायला वाट उरली नाही. सीमेजवळच्या छावण्यांना औषधं, दुधाची पावडर, ताडपत्र्या पोचवायचं काम खात्याकडे आलं. पावसाने रस्ते गेले होते, म्हणून ते आमच्या चार ट्रकांवर आलं. ते रोज जायचे, चिखलाने माखून यायचे आणि रोज त्यांच्यात काहीतरी मोडलेलं असायचं. काकाबाबूंचे एक दूरचे भाऊ त्या माणसांत कुठेतरी असतील असं त्यांना वाटत होतं. ते प्रत्येक ड्रायव्हरला एक नाव सांगत आणि विचारून यायला सांगत. उत्तर कधी आलं नाही.

त्याच सुमारास वर्कशॉपला नवे साहेब आले. पुण्याचे, बदलीवर आलेले इंजिनिअर, पस्तिशीचे असतील. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. बंगाली त्यांना अजिबात येत नव्हतं आणि काकाबाबूंची हिंदी चार शब्दांपलीकडे जात नव्हती. तेव्हा ऑफिस आणि वर्कशॉप यांच्यामध्ये मी उभी राहू लागले. साहेब मराठीत सांगत, मी बंगालीत सांगायची. काकाबाबू बंगालीत सांगत, मी मराठीत.

आता माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ते तीन माणसांचं मराठी होतं. भाजी, देवपूजा, दुखणंखुपणं एवढं त्यात नीट मावायचं. यंत्राबद्दल, कामाबद्दल मी मराठीत कधी विचारच केला नव्हता. साहेबांसमोर बोलताना मधेच बंगाली शब्द यायचा, क्रियापद चुकायचं. एकदा मी 'पाऊस पडतो' म्हणायच्या जागी बंगालीच्या वळणाने 'पाऊस होतो' म्हणाले. साहेब हसले आणि त्यांना भेटायला आलेल्या एका मराठी गृहस्थांना त्यांनी ते सांगितलं. मनाने वाईट नव्हते ते. त्यांनी लगेच विषय बदललाही. पण मी घरी येऊन आईशी भांडले, की मला धड भाषा का शिकवली नाहीत. त्यानंतर साहेबांशी बोलताना मी वाक्यं लहान करू लागले. ज्याचं मराठी येत नसेल ते गाळू लागले.

श्रावण असावा. चारपैकी दोन ट्रक मागचे पिनियन तुटूनच बंद होते, तिसरा छावणीवर होता आणि चौथ्याच्या मागच्या डिफरन्शियलचा पिनियन सकाळी तुटला. छावणीत पटकी पसरली होती. सलाइनच्या बाटल्या भरून ठेवलेल्या, आणि तो ट्रक दुपारी दोनला निघायलाच हवा होता. स्टोअरमध्ये पिनियन नव्हता. बाजारात शोधायचा तर आठवडा गेला असता. साहेबांनी आवारातल्या एका मेलेल्या ट्रककडे बोट दाखवलं. तोही त्याच बनावटीचा, अपघातात चेपलेला, कोपऱ्यात वर्षभर गवतात उभा. त्याचा मागचा डिफरन्शियल काढून यात बसवा, म्हणाले. काढून आणला. बाहेरून हुबेहूब तसाच. बोल्टची भोकंही जुळत होती.

तो आवारातून थेट कामावर आला होता, माझ्या हाताखालून गेलाच नव्हता. त्याला माझी चिठ्ठी नव्हती.

काकाबाबू त्याच्याभोवती एक चक्कर मारून माझ्याकडे आले. हात पुसत म्हणाले, "मा, साहेबांना सांग, हा ट्रक नंतरच्या खेपेतला आहे. पक्क्या रस्त्यावर जोरात पळावा म्हणून त्या खेपेत दात बदलले होते असं मी ऐकलंय. मला तासभर दे म्हणावं. धुऊन, मोजून बघतो. वेगळा निघाला तर पुढचा आणि मागचा भांडतील. चिखलात कळणार नाही, कडक रस्त्याला लागल्यावर काहीतरी तुटेल."

मी ऑफिसात गेले. साहेब फोनवर होते. पलीकडून कुणीतरी मोठ्या आवाजात बोलत होतं आणि ते नुसतं 'येस सर' म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता.

"काय म्हणतायत मिस्त्री?"

काकाबाबूंचं सगळं म्हणणं माझ्या डोक्यात बंगालीत तयार होतं. 'खेप'ला मराठीत काय म्हणायचं, 'भांडतील' म्हटलं तर ते हसतील का, दातांचा हिशोब मराठीत कसा सांगायचा, हे सगळं क्षणभरात मनात आलं. मी म्हणाले, "तासभर मागतायत. बसवायच्या आधी बघून घ्यायला."

"बघायचं काय त्यात? बोल्ट बसतायत, मी स्वतः पाहिलं. दोनला गाडी निघाली नाही तर तिथे माणसं मरतील. बसवा म्हणावं."

मी बाहेर येऊन काकाबाबूंना सांगितलं, "साहेब म्हणतात, वेळ नाही, बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळं सांगितलंस?"

मी मान हलवली. हो अशी.

धुऊन नीट मोजायला तास लागला असता, पण पाच मिनिटांत मीच पिनियन हाताने फिरवून अंदाज घेऊ शकले असते. सहा आणि थोडं, की कमी. तो जमिनीवर पाच पावलांवर पडला होता. हा विचार मला त्या वेळी आला की नंतर, हे आता खात्रीने सांगता येत नाही. मी स्टोअरमध्ये गेले आणि पावती लिहिली.

ट्रक आवारात फिरवून पाहिला. फक्त मागच्या चाकांवर, त्यामुळे सगळं ठीक वाटलं. दोनला निघाला. ड्रायव्हर बिहारमधल्या छपऱ्याचा, चाळिशीतला, शांत माणूस. निघताना रोजच्यासारखा त्याने स्टोअरच्या खिडकीतून मला हात केला.

पुढचं त्याने नंतर जबाबात सांगितलं तसं सांगते. शेवटचे चार मैल चिखल होता. त्याने लिव्हर ओढला, गाडी थोडे हिसके देत पण नीट गेली. सलाइन पोचलं. येताना चिखल संपून बांधावरचा विटांचा रस्ता लागला तेव्हा त्याने लिव्हर मागे ढकलायला घेतला. तो निघेना. दोन्ही हातांनी ओढला तरी निघेना. आतले दांडे पिळून घट्ट झाले होते. स्टीअरिंगही जड झालं होतं. पुढे गाव आहे, तिथे थांबून बघू, म्हणून त्याने गाडी तशीच हाकली. पुलाच्या उतारावर खाली मोठा आवाज झाला. पुढचा दांडा तुटला होता, आणि फिरताफिरता त्याच्या टोकाने ब्रेकची नळी कापली. ब्रेक लागला नाही. उतारावर दोन पोरी गुरं घेऊन चालल्या होत्या. त्याने गाडी बांधावरून खाली घातली. पाणी भरलेल्या खड्ड्यात ती कलंडली आणि त्याचा डावा पाय पत्र्याखाली सापडला. गावकऱ्यांनी त्याला काढेपर्यंत संध्याकाळ झाली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ट्रक दोन दिवसांनी ओढून आणला. काकाबाबूंनी कुणालाही हात लावू दिला नाही. मागचा डिफरन्शियल स्वतः उतरवला, उघडला, रॉकेलने धुतला आणि मला हाक मारली. मी गेले. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीसच.

तिथे साहेबही उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मग दुसरीच गोष्ट सुरू झाली. कलकत्त्याच्या मुख्य ऑफिसमधून चौकशीला माणूस येणार होता, तीन दिवसांनी. साहेबांनी आधीच लेखी दिलं, की दात वेगळे असू शकतील असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. काकाबाबूंचा जबाब लिहून घेतला, त्यात ते म्हणाले की त्यांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. वर्कशॉप दोन बाजूंना वाटलं गेलं. बंगाली कामगार म्हणत, साहेब खोटं बोलतोय, म्हाताऱ्याच्या गळ्यात मारतोय. ऑफिस म्हणे, मिस्त्री स्वतःची चूक झाकतोय. दोन्ही माणसं खरं बोलत होती. हे फक्त मला माहीत होतं.

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही मध्ये होतात. तुम्हीच सांगा, त्यांनी असं काही सांगितलं होतं का मला?"

मी म्हणाले, "तुम्हाला नाही."

"मग तेवढंच सांगा चौकशीत." आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "इथे आपली माणसं दोनच आहेत."

मला वाटतं त्यांना त्यात काही वाकडं दिसत नव्हतं. ते खरंच खरं सांगायला सांगत होते. आणि तेवढंच सांगितलं असतं तर ते खरंही झालं असतं. काकाबाबूंची पेन्शन वर्षावर आली होती. ती गेली असती.

त्या तीन दिवसांत काकाबाबूंनी मला काहीच विचारलं नाही. ते सकाळी येत, कामाला लागत. पण त्यांच्या कामात मला एक गोष्ट दिसली. ते प्रत्येक बोल्ट घट्ट केल्यावर पुन्हा जाऊन तपासत होते. पाना ठेवून दोन पावलं गेले की परत येत. पूर्वी कधी असं करत नसत.

मी आईला सांगितलं. दुपारची वेळ होती, रविवार. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मी म्हणाले, खरं सांगितलं तर नोकरी जाईल कदाचित. तिने ताट बाजूला ठेवलं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मी जे सांगेन ते भीतीने सांगेन. तुझे बाबा असते तर त्यांना विचार म्हटलं असतं." मग ताट पुन्हा पुढे ओढत म्हणाली, "त्या ड्रायव्हरला मुलं किती?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी तो होता त्या दवाखान्यात गेले.

तो लांबलचक वॉर्ड होता, खाटांच्या मध्ये जमिनीवरही रोगी. त्याची बायको गावाहून आली नव्हती अजून. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं. मी उभ्यानेच सांगितलं, हिंदीत, सगळं, एका दमात. मिस्त्री काय म्हणाले होते, मी साहेबांना काय सांगितलं, काय गाळलं. का गाळलं ते सांगायला लागले तेव्हा मात्र थांबले. पाय गेलेल्या माणसाला मी काय सांगणार होते, की माझं मराठी कच्चं आहे म्हणून?

तो ऐकत होता. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं. म्हणाला, "दीदी, आता तुम्ही जा."

मी गेले. त्याला मुलं किती ते विचारायचं राहिलंच.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली. आलेला गृहस्थ बंगाली, वयस्कर, इंग्रजीत विचारत होता. साहेब खुर्चीवर, काकाबाबू दाराशी उभे. मला विचारलं तेव्हा मी काकाबाबूंचं वाक्य आधी बंगालीत, जसंच्या तसं सांगितलं, खेप, तास, भांडण, कडक रस्ता, सगळं. मग मी साहेबांना मराठीत काय म्हणाले होते ते सांगितलं, सहा शब्द. तो गृहस्थ लिहायचा थांबला. त्याने विचारलं, बाकीचं का सांगितलं नाहीस. मी म्हणाले, मला ते मराठीत नीट सांगता येत नव्हतं आणि तसं कबूल करायची लाज वाटली. त्याने तेही लिहून घेतलं. साहेबांनी मान खाली घातली होती.

बाहेर आले तर काकाबाबू पाण्याच्या नळापाशी उभे होते. मला वाटलं रागावतील. मला ते हवंही होतं. ते म्हणाले, "मा, तीन दिवस मला वाटत होतं, मी सांगितलंच नसेल. म्हातारा झालोय, सांगितल्याचं नुसतं मनात राहिलं असेल. काल घरी बायकोला विचारलं, मी हल्ली विसरतो का ग?" एवढं बोलून त्यांनी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि आत निघून गेले.

माझ्या फाइलला लेखी ताकीद लागली आणि मला मिळणारी बढती थांबली. नोकरी राहिली. साहेबांवरही ठपका आला, इंजिनिअर म्हणून त्यांनी स्वतः तपासायला हवं होतं. वर्षअखेरीला त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी ते स्टोअरमध्ये आले. रॅककडे बघत म्हणाले, "तुम्ही बंगालीत सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी कुणालातरी विचारून घेतलं असतं." मग म्हणाले, "तुमच्या बोलण्याला मी हसायला नको होतं." मी शेवटच्या पावत्या त्यांच्यापुढे सहीला ठेवल्या. नंतर वाटलं, काहीतरी बोलायला हवं होतं.

आमचा चौथा ट्रक तसाच पडून होता. त्याला पुन्हा उभं करायचं काकाबाबूंनी मनावर घेतलं होतं. मल्लिकबाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, तिथे एक दिवस ते मला घेऊन गेले. चौथ्या दुकानात एका म्हाताऱ्या मुसलमान दुकानदाराने गोणपाटात गुंडाळलेली क्राउन-पिनियनची जोडी काढली. काकाबाबू बाजूला उभे राहिले आणि मला म्हणाले, मोज. मी फुटपाथवर बसून मोजले. त्रेचाळीस आणि सात. दुकानदार म्हणाला, दोन्ही चक्रं एकाच ट्रकमधली आहेत, एकत्र झिजलेली, यांना वेगळं करू नका. एक क्राउन घेऊन दुसऱ्याचा पिनियन लावला तर दात एकमेकांना खातात.

ती जोडी बसवायला आठ दिवस गेले. काकाबाबूंनी मला रोज दुपारी तासभर बोलावून घेतलं. दातांवर तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चक्र फिरवायचं, आणि शेंदूर दाताच्या कुठल्या भागावरून पुसला जातो ते पाहायचं. कडेला पुसला गेला तर जोर कडेवर येतो आणि दात तुटतो. मधोमध, लांबट डाग यायला हवा. तो येईपर्यंत पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या, काढायच्या. कधी केसाएवढ्या जाडीचा फरक. काकाबाबू डाग बघून म्हणत, "नाही." पुन्हा सगळं उघडायचं. आठव्या दिवशी त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढला. माझ्या दोन्ही हातांना शेंदूर लागला होता. बसमध्ये एका बाईने विचारलं, कुठल्या देवळातून आलात.

ट्रक डिसेंबरात चालू झाला. तोवर सीमेवर लढाई सुरू होऊन संपलीही होती आणि छावण्यांमधली माणसं परत जायला लागली होती. त्यांचं सामान न्यायला तो गेला. काकाबाबू पुढच्या वर्षी निवृत्त झाले. भावाचा पत्ता त्यांना लागला नाही. जादवपूरकडे त्यांचं घर होतं, तिथे मी विजयादशमीनंतर दरवर्षी नमस्काराला जायची, ते गेले तोपर्यंत.

ड्रायव्हर लाकडी पाय लावून परत आला तेव्हा त्याला काय काम द्यायचं असा प्रश्न पडला. फाटकावर बसवू म्हणत होते. मी नव्या साहेबांकडे गेले आणि त्याला स्टोअरमध्ये मागून घेतलं. त्याला विचारलं नव्हतं. तो पहिल्या दिवशी आला, माझ्या समोरच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काय करायचं ते सांगा." दवाखान्यातल्या सकाळबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.

सात वर्षं आम्ही त्या खोलीत समोरासमोर काम केलं. त्याला तीन मुली होत्या, हे मला कळलं. धाकटीच्या शाळेचे अर्ज मी इंग्रजीत लिहून द्यायची. तो माझ्याहून चांगला स्टोअरकीपर झाला. डिफरन्शियल आला की दार लावून घ्यायचा, दोनदा मोजायचा आणि मग मला मोजायला लावायचा. दोघांचा आकडा जुळला तरच चिठ्ठी. थंडीत त्याचा पाय दुखायचा. जो नव्हता तो पाय. तेव्हा तो बोलत नसे आणि मी त्याच्याकडे पाहत नसे.

अठ्ठ्याहत्तरमध्ये चारही ट्रक मोडीत काढायचे ठरले. नवे देशी ट्रक आले होते. जुन्यांच्या सुट्या भागांची यादी करायला आम्ही दोघं बसलो होतो, उन्हाळ्याची दुपार होती, पंखा बंद होता. यादी करता करता तो अचानक म्हणाला, "दीदी, तुम्ही साहेबांना सगळं सांगितलं असतं, तर त्यांनी थांबवली असती गाडी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पेन खाली ठेवलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "फोन आला होता. कदाचित नसती थांबवली."

"मला विचारलं असतं तर मी नेलीच असती," तो म्हणाला. "सलाइन होतं."

मी म्हणाले, "तरी सांगायला हवं होतं मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, दयाही नव्हती.

"हो," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं."

मग त्याने पुढचा खोका ओढून घेतला आणि आतल्या बेअरिंगचे नंबर वाचायला लागला. मी लिहून घेऊ लागले.